सोळाव्या वर्षाची केस किती दिवस पाठीशी?

महोदय,

अंबड एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग आणि एक जुनं घेतलेलं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन. नाशकात कोयते निघाल्याची बातमी आली की पोरांची धिंड काढा, असं सगळेच म्हणतात. मीही म्हणालोय. पण धिंडीनंतर तो पोरगा कुठे जातो?

तीन वर्षांपूर्वी पंचवटीतला एक मुलगा माझ्याकडे आला. नववीत शाळा सोडलेली, सोळाव्या वर्षी मारामारीची केस, बाल न्याय मंडळात ती निकाली निघालेली. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या बाईंचा भाचा, म्हणून ठेवला; एरवी मीही ठेवला नसता. पहिला महिना मशीनखालचा बुरादा काढायचा आणि फोन वाजला की गेटवर पळायचा. एकदा त्याच्या हातात बारीक माप घ्यायचा व्हर्नियर दिला. वरची रेघ खालच्या कुठल्या रेघेशी जुळते, हे शोधताना गडी असा वाकला की जेवणाची सुट्टी झालेली कळली नाही. आज सीएनसीचं सेटिंग एकटा करतो. फोन अजून येतात. ‘जॉब लावलाय मशीनवर,’ म्हणून ठेवून देतो.

मी देतो त्या पगारात त्याचं लग्न व्हायचं नाही. म्हणून मीच त्याला एका मोठ्या कंपनीत ठेकेदारामार्फत पाठवलं. ट्रायल पास झाला. फॉर्मवर ‘कधी गुन्हा दाखल झाला होता का?’ असा रकाना होता; त्याने खरं लिहिलं. दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत.

बाल न्याय अधिनियम, 2015 मधलं कलम 24 सांगतं की अशा मुलाला पुढे त्या केसमुळे अपात्र धरता येत नाही (सज्ञान धरून खटला चालवलेल्यांची गोष्ट वेगळी). कलम 74 प्रमाणे निकाली निघालेल्या केसची नोंद पोलिसांनीही चारित्र्याच्या दाखल्यासाठी द्यायची नाही. पोलिसांनी जे सांगायचं नाही, ते ठेकेदार पोराकडूनच लिहून घेतो!

सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सहा हजारांपासून विद्यावेतन आहे, पण किमान बारावी पास लागतं. नववीवाल्याला तोही दरवाजा बंद.

उद्योजक संघटनांनी सभासदांना एक पत्र पाठवून फॉर्मवरच्या त्या रकान्याखाली ‘अठरा वर्षांखालील प्रकरणं लिहू नयेत’ एवढी ओळ छापून घ्यावी. छपाईचा खर्च मी देतो.

– एक लघुउद्योजक, अंबड, नाशिक