‘निरंक’ शेऱ्याचा अर्थ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेताखाली गाडले गेलेले पुरातत्त्वीय अवशेष न खणता शोधणाऱ्या भूभौतिक सर्वेक्षणाविषयीचा आपल्या रविवारच्या अंकातला लेख वाचला. विषय घेतलात, हे बरे झाले. पण ‘या यंत्रांनी जमिनीचा एक्स-रे निघतो, आणि नकाशा कोरा आला की बांधकामाला रान मोकळे’ हे वाक्य खटकले, म्हणून हे पत्र. अशा सर्वेक्षणांत मी काही वर्षे खांद्याला यंत्र अडकवून शेते तुडवली आहेत. कोऱ्या नकाशावर किती भरवसा ठेवायचा, ते तिथेच कळले.

मॅग्नेटोमीटरला भिंत दिसत नाही. त्याला कळतो तो मातीच्या चुंबकत्वातला फरक. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जागेनुसार साधारण २५ ते ६५ हजार नॅनोटेस्ला (हे असे क्षेत्र मोजायचे एकक) असते. बुजलेल्या चरामुळे त्यात पडणारा फरक पुष्कळदा दोन-पाच नॅनोटेस्लाचाच. वस्तीत चुली पेटतात, कचरा कुजतो, त्याने वरच्या मातीचे चुंबकत्व वाढते आणि तीच माती पुढे चरात भरली जाते, म्हणून चर उमटतो. भट्टी असेल तर फारच सोपे. खूप तापलेली माती थंड होताना त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवते आणि नकाशावर ठसठशीत डाग दिसतो. १९५८ मध्ये इंग्लंडात वॉटर न्यूटनजवळ रस्ता रुंद व्हायचा होता, त्याआधी भौतिकशास्त्रज्ञ मार्टिन एटकिन यांनी प्रोटॉन मॅग्नेटोमीटरने रोमन काळातल्या भट्ट्या हुडकल्या, त्या यामुळेच.

पण बसाल्टसारखा मुळातच चुंबकीय खडक खाली असेल, तर हे दोन-पाच नॅनोटेस्ला त्या गोंगाटात बुडून जातात. जमिनीत रेडिओ लहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनी टिपणाऱ्या रडारचे दुखणे वेगळे. ओली चिकणमाती त्याच्या लहरी गिळून टाकते, एखाद्या मीटरच्या आतच चित्र पुसट होते. इटलीतल्या फालेरी नोवी या रोमन शहराचा रडार-नकाशा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तटाच्या आतले ३०.५ हेक्टर, देऊळ, बाजार, स्नानगृह, सगळे एकाही कुदळीविना. ते चित्र पाहून कोणीही हरखेल, मीही हरखलो. पण दगडी भिंतींचे आखीव शहर आणि लाकडी खांबांवर उभी असलेली, कधीच न जळलेली झोपडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. झोपडीच्या खांबाचा खड्डा वीतभर रुंदीचा. आपण चालतो त्या ओळी एकमेकींपासून अर्ध्या किंवा एक मीटरवर. तो खड्डा दोन ओळींच्या मधोमध आला तर त्याची दखल कोण घेणार? दफनाचे तर त्याहून कठीण. खड्ड्यातून निघालेलीच माती पुन्हा त्यात लोटलेली असते, यंत्राला फरक सापडणार कुठून? जमिनीत सळया टोचून विद्युतरोध मोजण्याची रीत सर्वांत जुनी, पण तीही मातीच्या ओलीवर हलते. पावसाळ्यात दिसलेली भिंत कडक उन्हाळ्यात दिसेलच असे नाही.

उलट, जे नाही तेही दिसते. एकदा आमच्या नकाशावर शेताच्या आरपार जाणारी सरळ, काळी-पांढरी रेघ उमटली. जुना रस्ता, की तटबंदीचा पाया? यावर आमचा वाद रंगला. शेतमालक बांधावरून ऐकत होते. शेवटी तेच म्हणाले, “अहो, तो आमच्या आजोबांनी टाकलेला लोखंडी पाइप.” तेव्हापासून यंत्र उघडण्याआधी मालकाशी बोलायचे, अशी शिस्त आम्ही लावून घेतली. नांगराचा तुटका फाळ कुठे पडला, विहीर केव्हा बुजवली, कुठल्या पट्ट्यात पीक नेहमी आधी पिवळे पडते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? दुसऱ्या एका दिवशी प्रत्येक ओळीत तोच तो खडखडाट येत होता. पट्टा, किल्ल्या, मोबाइल आधीच काढून ठेवलेले. तासाभराने सापडले, सहकाऱ्याच्या बुटाच्या तळव्यात पोलादी पट्टी होती. उरलेला दिवस बिचारा ढेकळांतून अनवाणी चालला.

ही नवशिक्यांची फजिती म्हणून सोडून देऊ नका. तुर्कस्तानातल्या ट्रॉय या प्राचीन शहरासारख्या नामांकित स्थळीही हे घडले आहे. तिथल्या खालच्या शहराभोवती, शेतांखाली, मॅग्नेटोमीटरला एक लांबलचक पट्टा सापडला. जळालेल्या विटांची तटबंदी, असा अर्थ आधी लावला गेला. १९९३ मध्ये खणून पाहिले, तर निघाला खडकात कोरलेला खंदक. म्हणजे यंत्र खोटे बोलले नव्हते. त्याने ‘इथे काहीतरी वेगळे आहे’ एवढेच सांगितले होते, ‘तट’ हा शब्द माणसांचा.

म्हणून विनंती अशी की यापुढे अशी बातमी छापताना कोणते यंत्र वापरले, ओळींत अंतर किती होते आणि माती कुठल्या प्रकारची होती, एवढे तरी द्यावे. आणि ‘अवशेष नाहीत’ असे न लिहिता ‘या पद्धतीने आढळले नाहीत’ असे लिहावे. जागा वाचवायची म्हणून हे चार शब्द गाळू नयेत. बांधकामाची परवानगी देणाऱ्यांनीही नकाशावरच्या डागांपुरते न खणता कोऱ्या भागात दोन-चार चाचणी-चर घ्यायला लावावेत. त्यात वेळ जातो, मालक वैतागतो, ठेकेदार तर त्याहून. मान्य आहे.

आम्ही तपासलेल्या एका शेतात पुढे पाण्याच्या टाकीचा पाया खणताना तीन दफने निघाली. नकाशावर तो चौकोन स्वच्छ राखाडी आहे. त्यावरचा ‘निरंक’ हा शेरा माझ्या अक्षरातला आहे.

आपला,
एक वाचक