हाफ प्लेट का नाही?

महोदय,

पंजाबी भाजीची एक प्लेट मागवली की तिघांना पुरेल एवढा हंडा समोर येतो, वर तेलाचा तवंग. वजन सांभाळणाऱ्याने एकट्याने जेवायला जायचे कसे? 'हाफ' विचारले तर 'फक्त दाल-राइसमध्ये मिळेल, साहेब.' अनलिमिटेड थाळीच्या ठिकाणी तर 'एका थाळीत दोघांनी जेवू नये, पार्सल मिळणार नाही' अशी पाटीच असते आणि नको म्हणेपर्यंत वाढपी पोळीवर तूप सोडून मोकळा. (आग्रह लग्नाच्या पंगतीत ठीक, बिल भरून कशाला?) मी हल्ली भाजी येताच निम्मी घरून नेलेल्या डब्यात भरतो. वेटर हसतात, हसोत.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) केंद्रीय परवाना किंवा १० अथवा त्याहून अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी आणि प्रमाण छापावे, हा नियम जुलै २०२२पासून आहे. पण कोपऱ्यावरचे हॉटेल त्यातून सुटते आणि आमची बैठक तिथेच. त्यांना कॅलरी मोजायला लावणे अन्यायाचे होईल. पण भाजी किती ग्रॅमची, किती जणांना पुरेल, एवढे छापायला काय हरकत आहे? आणि हाफ प्लेट सगळ्याच भाज्यांची द्यावी. त्यासाठी निम्म्यापेक्षा थोडा जास्त दर लावला तरी चालेल.

– एक वाचक, ठाणे