लॉगिन पुन्हा पुन्हा परत येतंय? फॉरमॅटच्या आधी डिस्क बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि अनेकांनी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून घेतल्या. अशा मशिनवर काही महिन्यांनी एक दुखणे हमखास उद्भवते. पासवर्ड अचूक टाकला तरी स्क्रीन क्षणभर काळी होते आणि पुन्हा पासवर्डच मागते. दुकानात नेले की 'फॉरमॅट मारू' हे उत्तर तयार असते. पुष्कळदा मूळ पार्टिशन (डिस्कचा सिस्टिम असलेला भाग) काठोकाठ भरलेले असते, एवढेच. डेस्कटॉप उघडताना होम फोल्डरमध्ये बारीकसारीक फाइली लिहाव्या लागतात. जागाच नसेल तर तो उघडत नाही.

लॉगिनच्या पडद्यावर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा. काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड टाका. टाइप करताना ताऱ्यांच्या खुणाही उमटत नाहीत, तो बिघाड नव्हे. मग इंग्रजी छोट्या अक्षरांत 'डीएफ -एच' (df -h) टाइप करून एंटर दाबा. शेवटच्या रकान्यात नुसती तिरकी रेघ असलेली ओळ शोधा. तिथे वापर १०० टक्के दिसला, की निदान झाले. १०० जीबीच्या पार्टिशनवर एकूण आणि वापरलेली जागा यांत सुमारे ५ जीबीचा फरक उरलेला दिसेल. ईएक्सटी४ (लिनक्सची डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) ही ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्यासाठी, राखून ठेवते, म्हणूनच 'सुडो' (sudo, रूटच्या हक्काने) लावलेल्या कमांड अजून चालतात.

पहिली सफाई 'सुडो ॲप्ट क्लीन' (sudo apt clean). उतरवून ठेवलेली पॅकेजेस जातात, बिघडत काहीच नाही. त्यानंतरच 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह' (sudo apt autoremove), म्हणजे जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा) निघतील. हा क्रम उलटा करू नये, कारण काढण्याच्या कामालाही थोडी जागा लागते. बूट फोल्डरमधल्या कर्नलच्या फाइली हाताने उडवणे तर नकोच: पॅकेजच्या नोंदीत तो कर्नल राहतो आणि पुढचे अपडेट अडखळते. 'आरएम -आरएफ'ने (न विचारता पुसून टाकणारी कमांड) सुरू होणारी, कुठून तरी उचललेली ओळ रूटच्या हक्काने चालवणाऱ्याला कोणीच वाचवू शकत नाही.

मिंटवर मात्र खरा गुन्हेगार बहुधा टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टिमची प्रत (स्नॅपशॉट) जपून ठेवणारा प्रोग्रॅम, असतो. त्याचा पहिला स्नॅपशॉट जवळपास अख्ख्या सिस्टिमएवढी जागा खातो. पुढचे फक्त बदललेल्या फाइलींपुरते वाढतात. त्यामुळे एखादाच स्नॅपशॉट काढून जागा फारशी सुटत नाही आणि माणूस गोंधळतो. 'सुडो टाइमशिफ्ट --लिस्ट'ने (sudo timeshift --list) यादी बघा, त्याच जागी '--डिलीट' (--delete) लिहून जुने काढा. ते फोल्डर फाइल मॅनेजरमधून पुसू नका. पुढे रोजचे दोनच ठेवा, शक्यतो वेगळ्या डिस्कवर. ती डिस्क ईएक्सटी४सारख्या लिनक्सच्या पद्धतीची हवी, फॅट३२चा पेनड्राइव्ह चालत नाही. आणि टाइमशिफ्ट होम फोल्डर आपणहून घेत नाही. फोटो, पत्रे, हिशेब यांचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो. ही गोष्ट लॅपटॉप बसवून देणाऱ्यांनी आवर्जून सांगायला हवी.

जर्नलचे लॉग (सिस्टिम स्वतः ठेवते त्या नोंदी) पार्टिशनच्या १० टक्क्यांपर्यंत, कमाल ४ जीबी, वाढू शकतात. 'सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम' (sudo journalctl --vacuum-size=200M) पुरे.

'डीएफ -एच'मध्ये जागा दिसूनही 'डिस्क भरली' असाच संदेश आला, तर 'डीएफ -आय' (df -i) करून आयनोड (प्रत्येक फाइलीमागे लागणारी नोंदीची जागा) संपलेत का ते पाहा. लाखो चिमुकल्या फाइली साठल्या की असे होते. सफाईनंतर 'सुडो रीबूट' (sudo reboot).

आपला,
एक वाचक