चित्रकथा शिकावी ती फुग्यातल्या अक्षरांपासून

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हाताने चित्रकथा काढू पाहणाऱ्यांना आधी शरीररचना आणि यथार्थदर्शन (चित्रात खोली आणि अंतर दाखवण्याचे तंत्र) पक्के करून मगच कथेकडे वळावे, असा सल्ला देणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. सल्ला खोटा नाही, पण टाक आणि शाई घेऊन काही वर्षे हौसेने पाने रंगवल्यावर मला तो क्रम उलटा वाटू लागला आहे. सुटे चित्र काढणे आणि पान रचणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि पहिल्यात कितीही तरबेज झाले तरी दुसरे आपोआप येत नाही.

नवशिक्याचे पान बहुधा कुठे फसते, तर फुग्यांपाशी, म्हणजे पात्रांचे संवाद ज्यांत लिहितात त्या गोलाकार जागांपाशी. चौकटीत पात्रे मन लावून काढून होतात आणि मग संवाद लिहायला जागाच उरत नाही. जो आधी बोलतो तो उजवीकडे उभा असतो, त्यामुळे उत्तर प्रश्नाच्या आधी वाचले जाते. म्हणून पेन्सिलीचा कच्चा आराखडा झाल्यावर शाईने सर्वांत आधी संवाद लिहावेत, त्यांभोवती फुगे काढावेत आणि उरलेल्या जागेत माणसे बसवावीत. मराठीत तर हे अधिकच गरजेचे आहे. रोमन लिपीतल्या चित्रकथांत बहुतेक मजकूर मोठ्या अक्षरांत असल्याने ओळी एकमेकींच्या जवळ घेता येतात. देवनागरीत मात्र वर वेलांटी, मात्रा आणि रफार, खाली उकार, असा दोन्ही अंगांनी पसारा असतो. ओळी दाटीने लिहिल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो आणि वाचणारा अडखळतो. फिकट पेन्सिलीने शिरोरेघांच्या रेषा आखून घेणे हाच त्यावरचा साधा उपाय.

साधनांबद्दल थोडेसेच लिहितो, कारण त्यांचे कौतुक गरजेपेक्षा जास्त होते. जलरोधक काळ्या शाईत बहुधा लाख असते. ती फाउंटन पेनात सुकून बसली की पेन निकामी होतो, म्हणून ती टाकाने किंवा कुंचल्यानेच वापरावी. नव्या निबवर गंज लागू नये म्हणून तेलकट थर दिलेला असतो. तो साबणाच्या पाण्याने पुसून काढला नाही तर शाई निबवर ठरत नाही, आणि शिकणारा उगीच स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. लवचीक निब आपल्याकडे ओढताना दाब दिला की तिची दोन टोके फाकतात आणि रेषा जाड होते. तीच निब पुढे ढकलली तर कागदाचे तंतू उचलते आणि शिंतोडे उडवते. त्यामुळे हात वाकवण्याऐवजी कागद फिरवायला शिकावे लागते. पातळ, खरखरीत कागदावर शाई फुटते. जाड आणि गुळगुळीत कागद घेतला की निम्मी भांडणे मिटतात. खोडरबर शाई पूर्ण वाळल्यावरच चालवावे. (हा नियम प्रत्येक जण एकदा पान काळे करूनच शिकतो, मी तो तीनदा शिकलो.)

चित्रकला अपुरी असली तरी पान उभे राहू शकते, याचा दाखला या कलेच्या आरंभीच सापडतो. जिनिव्हाचे शिक्षक रोडोल्फ टॉपफर यांना दृष्टिदोषामुळे वडिलांसारखे चित्रकार होता आले नाही. 1830च्या दशकात त्यांनी आपल्या चित्रकथा छापल्या त्या साध्या, वेगवान रेषांत. खास कागदावर सुलट काढलेले चित्र छपाईच्या दगडावर उतरवण्याची पद्धत त्यांनी वापरल्यामुळे चौकटींखालचा मजकूरही त्यांच्याच हस्ताक्षरात छापला गेला. त्यांच्या पानांत चित्र आणि अक्षर एकाच हातचे दिसतात ते यामुळेच.

आता एक विनंती. पुरवणीसाठी वाचकांकडून चित्रकथा मागवताना आपण छापील माप देता, मूळ चित्राचे देत नाही. चित्रकथा सहसा मोठ्या मापात काढून लहान करून छापली जाते, कारण त्याने हाताचा कंप झाकला जातो आणि रेषा घट्ट दिसते. पण 12 सेंटिमीटर रुंदीची पट्टी 18 सेंटिमीटरवर काढली तर छापून 3 मिलिमीटर दिसायचे अक्षर मूळ कागदावर साडेचार मिलिमीटर हवे, आणि 0.3 मिलिमीटरची रेषा छापल्यावर 0.2 उरते. हा हिशेब ठाऊक नसलेल्याचे संवाद छापून आल्यावर भिंगातून वाचावे लागतात. निवेदनात मूळ कागदाची रुंदी आणि अक्षराची किमान उंची या दोन गोष्टी द्याव्यात. त्यासाठी एक ओळ पुरेल.

आपला,
एक हौशी चित्रकथाकार