साधा फोन जरूर घे, पण मोठा फोन देऊन टाकू नकोस

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू म्हणालीस की स्मार्टफोन मामाच्या मुलाला देऊन टाकते आणि परीक्षा होईपर्यंत बटणांचा साधा फोन वापरते. तुझ्या अभ्यासिकेतल्या काही मुलींनी तसंच केलंय, हेही सांगितलंस. पप्पांना ते लगेच पटलं. मी काहीच बोलले नाही, म्हणून तुला वाटलं असेल की आईच्या मनात नाही. तसं नाही गं. आजीची औषधं, मागे टीव्ही, गोठ्यातून पप्पांच्या हाका, यात फोनवर सुचत नाही मला. म्हणून लिहायला बसले.

साधा फोन घे. माझा पूर्ण होकार आहे. गणपतीत घरी आली होतीस तेव्हा मी बघत होते. चालू घडामोडींची पीडीएफ बघते म्हणून फोन हातात घ्यायचीस, आणि चहा गार होऊन त्यावर साय धरली तरी मान खालीच. टेलिग्रामवर रोज कुणाच्या ना कुणाच्या नोट्स येऊन पडतात, त्या उतरवून घेतल्या की अभ्यास झाल्यासारखं वाटतं, असं तूच मला सांगितलं होतंस. आता 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. तिथे पानंच्या पानं हाताने लिहायची आहेत. वेळ लावून, एकाच प्रश्नावर डोकं लावून बसायची सवय हवी. खिशात दर पाच मिनिटांनी थरथरणारी वस्तू असली तर ती सवय लागायची नाही. तुझं तुलाच हे उमगलं याचा मला फार आनंद झाला.

एक मात्र कर, एकटीने करू नकोस. आपल्याच कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावाने 2022 साली काय केलं ते तुला माहीत आहे. संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही बंद, मोबाईल बंद, आणि दीड तास पोरं वाचायला बसणार. साडेआठला पुन्हा भोंगा. हे एकेका घराने आपापलं करायचं ठरवलं असतं तर आठवडाभरही टिकलं नसतं. सगळ्या गावाने मिळून ठरवलं, म्हणून जमलं. तुझ्या रूमवरच्या मुलींशी बोल. निदान रात्री 10 नंतर कुणाच्याच हातात फोन नाही, एवढं तरी चौघी मिळून ठरवा.

आता माझं खरं म्हणणं. तुझा स्मार्टफोन कुणालाही देऊन टाकू नकोस. आणि आत्ताचा नंबर तर कोणत्याही परिस्थितीत सोडू नकोस.

असं का म्हणते ते सांगते. आमच्या अंगणवाडीत आता घरी न्यायचा आहार द्यायचा तर पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर लाभार्थीचा चेहरा जुळवावा लागतो. 2025 च्या जुलैपासून ते सक्तीचं झालंय. त्याआधी केवायसी, आणि त्याचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. आपल्या आळीतल्या किती बायकांच्या आधारला स्वतःचा नंबर आहे? परवा एक बाळंतीण आली, तान्हं पोर कडेवर. ओटीपी गेला नवऱ्याच्या फोनवर, आणि नवरा ऊस घेऊन कारखान्यावर, गाड्यांच्या रांगेत. फोन उचलेना. ती ओट्यावर पोराला पाजत बसून राहिली. दुपारी त्याचा फोन आला तेव्हा ओटीपीची मुदत संपून गेली होती. पुन्हा पाठवला, तर त्याला मेसेज उघडेना. शेजारच्या ड्रायव्हरने सहा आकडे वाचून दाखवले तेव्हा कुठे काम झालं. हक्काचा आहार तिचा, पोर तिचं, चेहरा तिचा, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. हे मी रोज बघते, सोनू, आणि मला ते सहन होत नाही.

शेजारच्या काकूंचंही तेच. सातबारा त्यांच्या नावावर आहे. पण 2021 पासून पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर, स्वतः शेतात उभं राहून फोटो काढून करायची असते. पीकविमा, हमीभावाने विक्री, नुकसानभरपाई, सगळीकडे ती नोंद बघतात. काकूंकडे पुतण्याने वापरून टाकलेला बटणांचा फोन. मग सोयाबीन शेंगेवर आलं तरी त्या पुतण्याला सवड कधी होते याची वाट बघत बसतात. मुदतीचे शेवटचे दोन दिवस उरले की माझ्याकडे येतात.

घरात एकच चांगला फोन असला तर तो गड्याच्या नाहीतर पोराच्या हातात जातो, आणि बायकांच्या वाट्याला जुना येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 54 टक्केच बायकांकडे स्वतः वापरायचा फोन निघाला. त्यात साधे फोनही आलेच.

तू आज फोन बाजूला ठेवते आहेस, कारण तो तुझ्या मालकीचा आहे आणि तुला तो हवा तेव्हा काढता येतो. काकूंना ती सोय कधी मिळालीच नाही. मामाच्या मुलाला दिलास की मुलाखतीच्या वेळी, नोकरी लागल्यावर, तुला तो परत मागावा लागेल. माझ्या मुलीने स्वतःच्या वस्तूसाठी कुणाकडे हात पसरू नये, इतकंच मला वाटतं.

2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी कामासाठी मिळालेले फोन परत केले, तेव्हा मीही केला होता, तुला आठवत असेल. फोन सारखा अडकायचा, नवीन ॲप त्यात पेलायचं नाही, आणि भाषा इंग्रजी. आम्ही रजिस्टरं पुन्हा बाहेर काढली. लोक म्हणाले, बायकांना फोन जमत नाही म्हणून परत करतायत. तसं मुळीच नव्हतं. आम्हाला चांगला, मराठीत चालणारा हवा होता. कशासाठी सोडतोय हे आम्हाला नीट माहीत होतं. तुलाही माहीत आहे, म्हणून तर मी तुझ्या बाजूने आहे.

आता घेताना काय बघायचं ते. पप्पा म्हणतील नोकिया 1100 सारखा बघ. त्यांचा जीव आहे त्या फोनवर. 2003 साली आलेला तो फोन जगभर 25 कोटींच्या वर खपला, आणि आपल्यासारख्यांसाठीच केला होता म्हणायचं. बटणांवर एकसंध रबर, त्यामुळे धूळ आत जायची नाही, आणि डोक्यावर टॉर्च. रात्रपाळीची लाईट आली की पप्पा तोच घेऊन मोटार चालू करायला जायचे. आकडा 5 च्या बटणावर बारीक उंचवटा असतो, त्यावर अंगठा ठेवून ते अंधारात न बघता मला फोन लावायचे. पण तसला जुना टूजी फोन आता घेऊ नकोस. तुझं कार्ड जिओचं, आणि जिओचं टूजी नेटवर्कच नाही, त्यात ते चालणारच नाही. खोक्यावर 4जी लिहिलेलं बघ. यूट्यूब आणि फेसबुक असलेला बटणांचा फोनही मिळतो, तसला नको, नाहीतर सगळा खटाटोप वाया.

ते 5 चं बटण तुझ्याही कामाचं आहे. 2017 पासून देशात विकायच्या साध्या फोनांना 5 किंवा 9 चं बटण दाबून धरलं की 112 ला संकटाचा फोन जाण्याची सोय असावी असा नियम आहे. दुकानातच विचार, कोणतं बटण आहे आणि सोय चालू आहे का. रात्री अभ्यासिकेतून परतताना माझ्या जिवाला घोर असतो. स्मार्टफोनवरून तू कुठे आहेस ते मला दिसायचं, ते आता दिसणार नाही. म्हणून खोलीवर पोचल्यावर एक मिसकॉल द्यायचा, रोज, न चुकता.

बाकी अडचण फारशी नाही. आयोगाच्या फॉर्मचा ओटीपी मेसेजने येतो, तो साध्या फोनवरही येतोच, फॉर्म कॉम्प्युटरवर भरता येतो. मेसचे पैसे साध्या फोनवरूनही देता येतात. 2022 पासून साध्या फोनांसाठी यूपीआय 123पे ही सोय आहे, तिची मर्यादा आता 10,000 रुपयांची आहे. तरी पर्समध्ये पाचशेच्या चार नोटा असू देत. जात प्रमाणपत्र, नॉन क्रिमिलेअर, सगळ्यांच्या छापील प्रती काढून फाईलला लाव. ऐन वेळी डिजिलॉकर उघडायला फोन शोधत बसू नकोस.

स्मार्टफोन पेटीत ठेव, कुलूप लाव. ठेवताना चार्जिंग निम्म्याच्या आसपास असू दे. पूर्ण उतरलेली बॅटरी महिनोनमहिने तशीच पडली की खराब होते. पंधरा दिवसांतून एकदा काढ, बँकेचं, मेलचं बघ, परत ठेव. घरच्या ग्रुपवर मी सगळ्यांना सांगून टाकते की सोनू परीक्षेपर्यंत व्हॉट्सॲपवर नाही, उगाच रुसू नका. मावशीला मी वेगळं सांगेन, ती मनाला लावून घेते.

रब्बीच्या पीक पाहणीच्या वेळी दोन दिवस घरी ये. येताना स्मार्टफोन घेऊन ये. काकूंच्या हरभऱ्याची नोंद या वेळी तुझ्या फोनवरून करू. बटणं मात्र त्यांनाच दाबू दे, तू नुसती शेजारी उभी राहा. एकदा स्वतः केली की पुढच्या वर्षी एक स्वस्तातला फोन घ्यायचं त्यांच्या मनात आहे, माझ्याशी बोलल्यात त्या.

तब्येत सांभाळ. डबा नाही आवडला तरी जेवत जा.

तुझी,
आई

ता. क. साधा फोन माझ्या पगारातून घ्यायचा. पप्पांना पैसे मागू नकोस, त्यांनी आत्ताच खताचं बिल भरलंय.