आई-बाबा, लेक डिस्ट्रिक्टहून आलो, आता सविस्तर लिहिते

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर नेटवर्क सारखं जात होतं आणि आईचा मधेच "जेवलीस का" सुरू होतं त्यामुळे काही सांगताच आलं नाही, म्हणून लिहितेय.

लेक डिस्ट्रिक्ट म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेकडचा डोंगर-तलावांचा भाग, तिथे आधी विंडरमीअरला गेलो. साधारण १७ किमी लांब तलाव, इंग्लंडमधला सगळ्यात मोठा नैसर्गिक तलाव हाच. बोटी चालतात, त्यातली एक १८९१ सालची आहे आणि अजून पॅसेंजर नेते! गर्दी मात्र महाबळेश्वरला मे महिन्यात असते तशी, पार्किंगला जागा नाही, आइस्क्रीमला लाइन. आई तुला बोटीतून आवडेल, गुडघ्यांना त्रास नाही, बसल्या बसल्या डोंगर बघायचे. मेंढ्या इथल्या वेगळ्याच, हर्डविक म्हणतात, जन्मतात काळ्या आणि मोठ्या झाल्या की करड्या होतात, आणि डोंगरावर कुंपण नसलं तरी आपला भाग सोडून जात नाहीत, आईबरोबर हिंडून हिंडून पिल्लांना कळतं म्हणे. बिअ‍ॅट्रिक्स पॉटर, ती सशांची चित्रं काढणारी लेखिका, तिने पुस्तकांच्या पैशातून इथे शेतं घेतली आणि १९४३ मध्ये गेली तेव्हा ४००० एकरांच्या वर जमीन नॅशनल ट्रस्टला, म्हणजे निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, देऊन गेली, म्हणून तिथे हॉटेलं उठली नाहीत.

पण बाबा, खरं सांगायचंय ते हॉजवॉटरचं. तिकडे टुरिस्ट फार जात नाहीत, रस्ता तलावाच्या टोकाला संपतो. तिथे मार्डेल नावाचं गाव होतं. मँचेस्टरला पाणी हवं म्हणून १९१९ मध्ये कायदा झाला, १९२९ मध्ये धरणाचं काम सुरू झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. चर्च पाडलं, १९३५ मध्ये तिथली शेवटची प्रार्थना झाली, दफन केलेली माणसंसुद्धा उकरून शॅप नावाच्या गावी नेऊन परत पुरली. यंदा पाऊस कमी म्हणून पाणी उतरलंय आणि दगडी कुंपणांच्या भिंती, गल्ली, सगळं वर आलंय. लोक त्या गल्लीतून चालत होते, फोटो काढत होते. मी पण चालले असते पण चिखल फार होता, काठावरूनच बघितलं.

आजीचं जुनं पळसदेव आठवलं लगेच. उजनी धरणाचं पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ वर यायचं आणि तुम्ही आम्हाला घेऊन जायचात, आणि आजी मात्र कधीच यायची नाही, "देव बघायला येईन, घर बघायला नाही" म्हणायची. मला तेव्हा तिचा राग यायचा, एवढं जवळ असून येत नाही म्हणून. इथे एक म्हातारे गृहस्थ काठीवर रेलून उभे होते, ते पण खाली उतरले नाहीत, त्यांचं तिथे कोणी होतं का काय माहीत, विचारायची हिंमत झाली नाही.

आणि गंमत बघा, आमच्या मँचेस्टरच्या नळाला जे पाणी येतं त्यातलं बरंचसं इकडचंच. शेजारच्या थर्लमीअर तलावाचं तर १८९४ पासून येतंय, जवळजवळ १५० किमी, पंप न लावता नुसत्या उतारावरून! बाबा तुम्ही इरिगेशनमध्ये नोकरी केलीत, तुम्हाला हे बघायलाच हवं, मला तर उताराचं गणित काही समजलं नाही. पण तुम्ही आईला तासभर धरणाच्या भिंतीवर उभं करणार नसाल तरच नेईन.

पुढच्या मे-जूनमध्ये याच. तेव्हा रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, थंडी असते पण सोसेल इतपत, आईसाठी थर्मल मी इथे घेऊन ठेवते. जेवणाचं टेन्शन नको, स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने मिळतं, आई फक्त मेतकूट आण. बाबांच्या पासपोर्टची मुदत संपत आलीये ना, ते काम या आठवड्यात करा, आणि पेन्शनच्या पासबुकाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, व्हिसाला लागतील. ब्लर नकोत, मागच्या वेळी अंगठाच जास्त दिसत होता.

तुमची,
छकुली