छायाच्या पोटातला फुगा

धरमपेठ, नागपूर

प्रिय पम्या,

आई बरी आहे, माझी शुगर काठावर, पोरं मजेत. आपल्या छायानं वजन उतरवायला पोटात फुगा बसवला आहे. तू हसशील म्हणून इतके दिवस कळवलं नाही. आता मात्र गाडी अशी अडली आहे की तुझ्याशिवाय कोणाशी बोलू? बाबांच्या शुगरनं चिघळलेल्या पायाचं शेवटचं ड्रेसिंग तू करायचास. आमच्या घरात ते दिवस कोणी तोंडावर आणत नाही, आणि छाया जे करून राहिली आहे ते आपला पाय तसा होऊ नये म्हणूनच.

ऑपरेशन नाही. मुंबईला दुर्बिणीतून सिलिकॉनचा रिकामा फुगा पोटात सोडला, मग नळीनं सलाइन भरलं, अर्ध्या लिटरच्या आसपास. पोटातली जागा अडते, खाल्लेलं हळू पुढे सरकतं, दोन घासांत पोट भरतं. पाण्यात निळा रंग असतो. फुगा गळला तर लघवी हिरवी-निळी होते, म्हणजे लगेच कळतं. आर्यन रोज सकाळी बाथरूमच्या दाराशी उभा राहून ओरडतो, "मम्मी, रंग सांग!" शेजारच्या काकूंना वाटलं, होळीची तयारी चालली आहे.

पहिला आठवडा मात्र मी विसरणार नाही. घोटभर पाणी टिकेना. परतीच्या विदर्भ एक्स्प्रेसमध्ये रात्रभर पिशवी तोंडाशी. आई म्हणे, "काढून टाका बाप्पा तो फुगा, पोरगी जाईल हातची." साधा फुगा असता तर सोसा नाहीतर काढा, दोनच वाटा. याचं पाणी कमी-जास्त करता येतं. परत मुंबई गाठली, दुर्बिणीनं त्याची नळी बाहेर ओढून डॉक्टरांनी थोडं पाणी काढलं, आणि तिसऱ्या दिवशी बाई वरणाचं पाणी पिऊन झोपली. आई देवापुढे बसली, मी गच्चीवर जाऊन रडलो.

ब्याण्णववरून त्र्याऐंशी किलोवर आली. आता काटा हलत नाही आणि भूक परतली आहे. डॉक्टर म्हणतात, हे होतंच, पोट फुग्याला सरावतं, पहिल्या काही महिन्यांतच जोर असतो. आता पाणी वाढवू. छाया म्हणते, नाही. तिला तो आठवडा पुन्हा नको आहे.

मी मिळेल ते वाचून काढलं. अमेरिकेत या फुग्याला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात फुगा आणि पथ्य दोन्ही असलेल्यांचं वजन ३२ आठवड्यांत सरासरी १५ टक्के उतरलं, नुसत्या पथ्यावाल्यांचं ३.३ टक्के. पण १७ टक्के लोकांना सोसला नाही म्हणून तो लवकर काढावा लागला, हेही तिथंच आहे. १९८५ मधला हवेचा फुगा तर पोटात जखमा करायचा, तो बंदच पडला. छायाला रोज ॲसिडची गोळी आहे, आणि गुडघा कितीही ठणकला तरी नेहमीची दुखण्याची गोळी बंद. पोटात व्रण होऊ शकतो.

घरात प्रत्येकाचं मत आहे. जावई म्हणतात, आता वजन उतरवायची इंजेक्शनं आली, फुगा काहून? आई एकीकडे "जेवत नाही पोरगी" म्हणते आणि दुसरीकडे सांबारवडी तळते. माझं म्हणशील तर पाणी वाढवावं. वर्षभरात फुगा निघणारच आहे, तोवर जेवढी सवय अंगी लागेल तेवढीच कमाई. नंतर वजन परत चढतं, असं कितीतरी जणांचं झालं आहे. पण ओकाऱ्या तिला काढायच्या आहेत, मला नाही, म्हणून जीभ रेटत नाही.

छायाच्या हळदीच्या दिवशी तू म्हणालास, "हिच्यासाठी दोन हार जोडून आणा." त्यावरून आपण वर्षभर बोललो नव्हतो. ते मला आजही पटलेलं नाही. पण परवा तिनंच तुझं नाव काढलं. म्हणाली, "पम्यादादा निदान तोंडावर बोलला रे. बाकीचे मी उठून गेल्यावर बोलायचे." आणि मग म्हणाली, "बाबांजवळ रात्री तोच बसायचा." मी गप्पच झालो.

तुझ्या बदलीचं कळलं. नाशिक म्हणजे वाईट नाही, द्राक्षं खा. वहिनींचा हात बरा झाला का? पिंट्याचं ॲडमिशन झालं की लगेच सांग.

पुढच्या गुरुवारी आम्ही मुंबईला निघतो. पाणी वाढवायचं की नाही ते ती तिथेच ठरवणार. बुधवारी रात्री नऊनंतर तिला फोन कर, आर्यन झोपलेला असतो. किलो विचारू नकोस, ते रोज सगळेच विचारतात. बाबांबद्दल बोल. ते तिच्याशी बोलणारं आता तुझ्याशिवाय कोणी नाही.

तुझा,
सुध्या